ग्रुपबरोबर लांबची सायकल टूर: पहिला दिवस कसा काढायचा

पहिल्यांदा ग्रुपबरोबर चार-पाच दिवसांच्या टूरला निघालेल्यांचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. कुठली सायकल, कुठले टायर, रोज किती किमी आणि मला झेपेल का. सायकल आणि टायरवर बोलायला लोक कायम तयारच असतात, पण पहिल्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय करायचं आणि कुठल्या क्रमाने, हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून हे लिहितोय. आठ-दहा जण आहेत, प्रत्येकाचा थोडाफार सराव आहे आणि सामान आपापल्या सायकलवर आहे असं धरून चाललोय.

आधी जरा गणित करू. दिवसाचं अंतर ८० किमी धरा. ताशी १८ च्या स्पीडने गेलात तर साडेचार तासांच्या आत पोचाल, २० ने गेलात तर चार तासात, म्हणजे दिवसभर घाम गाळून वाचला जेमतेम अर्धा तास. आता त्याच दिवसात सहा थांबे घेतले आणि प्रत्येक थांबा दहा मिनिटांऐवजी पंचवीस मिनिटांचा झाला (ग्रुपमध्ये होतोच) तर तिथे दीड तास गेला. ब्रेव्हे म्हणून लांब पल्ल्याच्या राइड्स असतात त्यात २०० किमीला १३ तास ३० मिनिटं देतात, म्हणजे खाणंपिणं, पंक्चर सगळं धरून ताशी १५ ची सरासरी सुद्धा पडत नाही. तेव्हा स्पीडची काळजी सोडा. पहिल्या दिवशी ग्रुपला एकत्र निघायची, एकत्र थांबायची आणि वेळेत परत निघायची सवय लागली की पुढचे दिवस सोपे जातात.

आदल्या रात्री

सगळ्यात आधी हवा. टायरच्या बाजूला किती पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) चालतं ते छापलेलं असतं, त्या मर्यादेच्या आतच राहायचं. मध्यम वजनाच्या माणसाला २८ मिमीच्या टायरला साधारण ७० ते ८५, ३२-३५ मिमीला ५५ ते ७० च्या आसपास ठीक पडतं, मागच्या टायरवर वजन जास्त म्हणून तिथे पुढच्यापेक्षा थोडी जास्त हवा आणि सामान लावलं की अजून थोडी. दगडासारखे टक्क टायर म्हणजे जास्त स्पीड असं काही नसतं, खराब रस्त्यावर उलट तुमचेच हात आणि पाठ हलून निघते.

मग ब्रेक, लिव्हर दाबल्यावर हँडलला टेकता कामा नये आणि पॅड झिजलेले नकोत. चेन फडक्याने पुसा, प्रत्येक कडीवर थेंबभर ऑइल सोडा, पेडल उलटं फिरवा आणि वरचं जास्तीचं ऑइल पुसून टाका. हा शेवटचा भाग बरेच लोक करत नाहीत आणि दुपारपर्यंत चेनवर धुळीचा काळा लेप बसतो.

ट्यूबची साइज एकमेकांना आत्ताच विचारून घ्या. ७००सी आणि २९ इंच या चाकांच्या साइज, दोन्हींचा रिम ६२२ मिमीचाच असतो, २७.५ चा ५८४ आणि २६ चा ५५९. त्यामुळे दहा जणात तीन साइज निघाल्या तर एकाची ट्यूब दुसऱ्याला चालेलच असं नाही. व्हॉल्व्ह कुठला आहे तेही बघा, बारीक प्रेस्टा की जाडा श्रेडर, आणि पंप दोन्हीला बसतो का. प्रत्येकाकडे आपल्या साइजच्या दोन ट्यूब, टायर लिव्हर, पॅच किट आणि मल्टीटूल हवंच. चेन तोडायचं टूल, क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), झिप टाय, चिकटपट्टी असल्या गोष्टी ग्रुपमध्ये एका माणसाकडे असल्या तरी भागतं, फक्त तो माणूस सगळ्यात मागे राहणारा असावा. का ते पुढे कळेलच.

सामान भरताना जड वस्तू खाली आणि दोन्ही बॅगांमध्ये सारखं वजन. दिवसा लागणाऱ्या गोष्टी (रेनकोट, ट्यूब, खायचं) सगळ्यात वर ठेवा, नाहीतर पंक्चर झाल्यावर रस्त्याच्या कडेला तुमचे सगळे कपडे पसरलेले दिसतील. बॅगा लावून दोन-तीन किमी चालवून बघाच. टाच बॅगेला लागते का, हँडल थरथरतं का, ब्रेक मारल्यावर सायकल किती लांब जाऊन थांबते, हे सगळं रिकाम्या सायकलवर कळत नाही.

आणि एक नियम कडक पाळा, पहिल्या दिवशी नवीन काही नाही. नवीन शूज नाही, नवीन सीट नाही, नवीन शॉर्ट्स नाही, आदल्या रात्री कोणी सांगितलं म्हणून सीट वर-खाली करणं तर अजिबात नाही.

सकाळी निघताना

निघायच्या साधारण दोन तास आधी नीट नाश्ता, सवयीचाच, तुपकट-तेलकट नको. इतक्या पहाटे खाल्लं जात नसेल तर थोडं खाऊन निघा आणि उरलेलं पहिल्या तासात सायकलवर खा. पॅडवाल्या शॉर्ट्सच्या आत अंडरवेअर घालायची नसते, हे नवीन माणसाला कोणी सांगत नाही कारण सगळ्यांना लाज वाटते आणि मग शिवणीने दिवसभर कातडी घासून निघते. जिथे घासतं तिथे क्रीम लावा, घासायला लागल्यावर नाही, आधीच.

"सहाला निघायचं" म्हणजे सहाला चाकं फिरली पाहिजेत. सहाला खोलीतून बाहेर येऊन मग बाटली भरायला घेणारा एक तरी निघतोच, तो तुम्ही होऊ नका.

निघण्याआधी सगळ्यांनी गोल करून दहा मिनिटं बोलायचं आणि हे टाळायचं नाही, भले सगळे एकमेकांना ओळखत असतील. ठरवायच्या गोष्टी अशा. पुढे कोण असणार, म्हणजे लीड, आणि सगळ्यात मागे कोण, म्हणजे स्वीप. लीडच्या पुढे कोणी जायचं नाही (चढ आणि वाऱ्यातली पाळी सोडून, ते पुढे येईल) आणि स्वीपच्या मागे कोणी राहायचं नाही, बाथरूमला थांबायचं असलं तरी स्वीपला सांगून. लीडला ग्रुपमधला सगळ्यात दमदार माणूस ठेवू नका असं माझं स्पष्ट मत आहे, तो बिचारा त्याच्या मते हळूच चालवत असतो आणि मागच्यांची जीभ बाहेर आलेली असते. मधल्या ताकदीचा, शांत डोक्याचा माणूस पुढे, आणि ज्याला दुरुस्ती येते आणि ज्याच्याकडे टूल आहेत असा तगडा गडी मागे. पंक्चर झालेला माणूस मागेच पडतो, त्यामुळे स्वीप त्याच्यापर्यंत आपोआप पोचतो.

दुसरी गोष्ट म्हणजे वळणं. प्रत्येकाने आपल्या मागच्याची जबाबदारी घ्यायची, वळण आलं की मागचा माणूस दिसेपर्यंत तिथेच थांबायचं, तो दिसला आणि त्याने तुम्हाला बघितलं की निघायचं. इतकं केलं तरी ग्रुपमधलं कोणी हरवत नाही. रस्त्याची फाइल प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ऑफलाइन असावी, नुसती लीडकडे नाही. दमा, अ‍ॅलर्जी, शुगर असलं काही असेल तर आत्ताच सांगा आणि औषध बॅगेत कुठल्या खणात आहे तेही, घरचा एक नंबर कागदावर लिहून सगळ्यात वरच्या खणात. मोजणी करा, आकडा लक्षात ठेवा आणि निघा.

पहिला तास

पहिल्या तासात सगळ्यांच्या अंगात वारं असतं. हवा गार, पाय ताजे, कोणीतरी फोटो काढतंय, आणि बघता बघता ग्रुप २५ च्या वर जातो. याची किंमत दुपारी तीनला द्यावी लागते. एकच साधी टेस्ट, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येतंय का. दोन शब्दांनंतर श्वास घ्यायला लागत असेल तर स्पीड जास्त आहे. गिअर हलका ठेवा, पाय मिनिटाला ८०-९० वेळा फिरले तर गुडघ्यावर ताण कमी येतो. नवीन माणूस बहुतेक वेळा जड गिअरवर ५०-६० ने रेटत असतो आणि त्याला वाटतं आपण ताकद वाचवतोय. ८० ला सुरुवातीला उगाच पाय नाचवल्यासारखं वाटेल पण संध्याकाळी गुडघे ठीक राहतील.

पंधरा-वीस किमीनंतर सगळ्यांनी मिळून एक छोटा थांबा घ्या. जॅकेट काढा आणि कॅरिअरचे स्क्रू, बॅगांचे हुक हाताने हलवून बघा. सामानाच्या वजनाने आणि हादऱ्यांनी पहिल्या काही किमीतच ते ढिले होतात, नंतर एखादा पडला तर शोधत बसावं लागतं.

एकामागे एक चालवताना

ग्रुपमध्ये सायकल चालवणं वेगळं शिकावं लागतं, एकट्याने कितीही किमी केलेले असोत. पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, तुमचं पुढचं चाक पुढच्या माणसाच्या मागच्या चाकाच्या शेजारी कधीही आणायचं नाही. तो जरा आडवा सरकला आणि चाकं घासली तर त्याला काही होत नाही, मागचा पडतो, कारण ज्याच्या पुढच्या चाकाला धक्का बसतो त्याचं हँडल हातातून जातं. नवीन असाल तर एक-दोन सायकलींचं अंतर ठेवा, वाऱ्याचा आडोसा थोडा कमी मिळेल पण चालतंय. नजर पुढच्याच्या चाकावर खिळवून ठेवू नका, त्याच्या खांद्यावरून पुढचा रस्ता बघा.

उभं राहून पेडल मारायला गेलं की सायकल क्षणभर मागे सरकल्यासारखी होते, स्पीड अचानक पडतो आणि मागचा येऊन धडकू शकतो. त्यामुळे उभं राहायच्या आधी एक गिअर जड करा, मागे ओरडून सांगा आणि पेडलवर दाब कायम ठेवतच उठा. अचानक ब्रेक नाही, अचानक वळणं नाही, खड्डा दिसला की हाताने दाखवायचा आणि तोंडाने "खड्डा" म्हणायचं. मागून गाडी आली तर शेवटचा माणूस "मागून गाडी" ओरडतो आणि प्रत्येकाने ते पुढे पोचवायचं. पहिला अर्धा तास ओरडायला कसंतरीच वाटतं, नंतर सवय होते. "थांबतोय" हा शब्द मात्र थांबायच्या आधी यायला हवा, थांबल्यावर नाही.

समोरून वारा असेल तर पुढच्याच्या मागे राहून खरंच खूप ताकद वाचते, म्हणून पुढे राहायची पाळी सगळ्यांनी घ्यायची, पाच-पाच मिनिटं पुरे. पाळी संपली की मागे बघून बाजूला व्हा, ब्रेक न मारता पेडल हलकं करा आणि सगळे पुढे गेले की शेवटी, स्वीपच्या पुढे लागा. तुम्ही पुढे आलात तर स्पीड आहे तोच ठेवा, नव्या माणसाला पुढे आल्यावर हमखास स्फुरण चढतं. ज्याला झेपत नाहीये त्याने पाळी सोडून द्यावी, त्यात कमीपणा काही नाही, पण तसं सांगा.

ग्रुप रबरबँडसारखा ताणतो हे लक्षात ठेवा. स्पीडब्रेकर किंवा सिग्नलनंतर पुढचे लगेच स्पीड पकडतात, तेव्हा मागचे अजून तिथेच हळू असतात, मग त्यांना जोर लावून अंतर भरून काढावं लागतं आणि दिवसभरात असं चाळीस-पन्नास वेळा झालं की शेवटचा माणूस संपलाच. लीडने अशा ठिकाणी शेवटचा बाहेर पडेपर्यंत अगदी आरामात चालवायचं. दहापेक्षा जास्त लोक असतील तर चार-पाच जणांचे दोन-तीन गट करा आणि मध्ये बरंच अंतर ठेवा म्हणजे मागून येणाऱ्या गाड्यांना ओव्हरटेक करून आत यायला जागा मिळते.

खाणं आणि पाणी

भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो. ताशी ३० ते ६० ग्रॅम कार्ब्स हा नेहमीचा हिशोब आहे, मध्यम आकाराच्या केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात त्यावरून अंदाज घ्या. घड्याळात दर अर्ध्या तासाचा अलार्म लावा आणि तो वाजला की दोन घास खा, इच्छा असो नसो. पाणी ताशी अर्धा ते पाऊण लिटर, उन्हात जास्त, आणि एकदम बाटली रिकामी करण्यापेक्षा दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-चार घोट. मात्र दिवसभर नुसतं साधं पाणी ढोसत राहू नका, घामातून मीठ जातं आणि वरून खूप पाणी प्यायलं की रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं आणि माणूस भांबावल्यासारखा वागायला लागतो, आणि लोक त्याला अजून पाणी पाजतात. दोन बाटल्या असतील तर एकीत इलेक्ट्रोलाइट घालून ठेवा.

कोणीतरी बडबड्या अचानक गप्प झाला, चिडचिड करायला लागला, सरळ रेषेत चालवत नाहीये असं दिसलं तर बहुतेक वेळा त्याची साखर उतरलीये. त्याला थांबवा, गोड काहीतरी द्या, पंधरा मिनिटं बसू द्या. "ठीक आहे मी" या उत्तरावर विश्वास ठेवू नका.

थांबे

दहा मिनिटांचा थांबा असेल तर दहा मिनिटं शेवटचा माणूस आल्यावर सुरू होतात! हे मी ठासून सांगतोय कारण बहुतेक ग्रुपमध्ये उलटं चालतं. पुढचे येऊन पंधरा मिनिटं बसलेले असतात, शेवटचा धापा टाकत पोचतो आणि तेवढ्यात "चला, आले सगळे" म्हणून मंडळी उठतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज आहे त्यालाच ती मिळत नाही, दिवसभर हेच, आणि दुसऱ्या दिवशी तो माणूस गाडीत बसतो. पुढच्यांना बसून कंटाळा येत असेल तर त्यांनी मुळात हळू यावं.

थांबल्या थांबल्या आधी कामं, म्हणजे पाणी भरणं, बाथरूम, सनस्क्रीन, आणि मग गप्पा. निघायच्या दोन मिनिटं आधी एकाने आवाज द्यायचा. दुपारच्या जेवणाला जास्त वेळ लागणारच, पण पोटभर खाऊ नका आणि नंतरची दहा मिनिटं अगदी हलक्या गिअरवर जा, पाय आखडलेले असतात.

चढ आणि उतार

चढावर ग्रुप फुटू द्या. प्रत्येकाने आपल्या दमाने जायचं, वर भेटायचं. दुसऱ्याच्या स्पीडने चढ चढणं हा दमायचा सगळ्यात सोपा मार्ग आहे. गिअर चढ लागायच्या आधी बदला, जोर लावलेला असताना बदललात तर चेन कडकड वाजते आणि कधी कधी उतरतेच. उतरून ढकलत गेलात तरी चालतं, सामानासकट सायकल ढकलायचा स्पीड आणि सगळ्यात हलक्या गिअरचा स्पीड यात तसाही फार फरक नसतो.

माथ्यावर जॅकेट घाला, घामाने भिजलेल्या अंगाला उतारावर वारा लागला की हात गारठतात आणि ब्रेक नीट दाबले जात नाहीत. उतारावर अंतर भरपूर वाढवा, निदान सहा-सात सायकलींचं. वळणाच्या आधी सरळ असतानाच दोन्ही ब्रेक वापरून स्पीड कमी करा, वळणात ब्रेक नाही, बाहेरच्या बाजूचं पेडल खाली, नजर वळण जिथे संपतं तिथे. पूर्ण उतारभर ब्रेक हलके धरून ठेवू नका, रिम किंवा डिस्क तापते. थोडं दाबा, सोडा, परत दाबा. सामान असलेली सायकल थांबायला जास्त जागा घेते हे पहिल्या उतारावरच कळतं, त्यामुळे तो उतार मुद्दाम हळू घ्या.

पंक्चर झालं तर

ओरडून सांगा, रस्त्याच्या पूर्ण बाहेर या. दोन जण मदतीला थांबले की बास, बाकीच्यांनी पुढे सुरक्षित जागी थांबायचं, दहा जण डोक्यावर उभे राहून सल्ले देतात तेव्हा काम दुप्पट वेळ चालतं. मागचं चाक असेल तर आधी गिअर सगळ्यात छोट्या चक्रीवर आणा म्हणजे चाक सहज निघतं. जुनी ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून बोट जपून फिरवा आणि काटा किंवा काच शोधून काढाच, नाहीतर नवीन ट्यूबही दोन किमीत जाते. नव्या ट्यूबमध्ये किंचित हवा भरून मग बसवा, टायरचा शेवटचा भाग लिव्हरने न घालता अंगठ्यांनी ढकला, लिव्हरने ट्यूब चिमटते. पॅच लावायचं काम संध्याकाळी. हवा भरायला सीओटू काडतूस (गॅसची छोटी नळकांडी) वापरलं असेल तर रात्री पंपाने परत हवा भरा, तो गॅस रबरातून लवकर झिरपतो आणि सकाळी टायर मऊ लागतो.

दुखण्याबद्दल थोडं

बोटं बधिर होत असतील तर हाताची जागा सारखी बदला आणि कोपर ताठ ठेवू नका. गुडघा पुढून दुखत असेल तर बऱ्याचदा सीट खाली असते, मागून दुखत असेल तर वर. बदलायचीच असेल तर आधीच्या जागेवर चिकटपट्टीची खूण करा आणि एका वेळी ३ ते ५ मिमीच हलवा. बूड दुखणं पहिल्या दिवशी नॉर्मल आहे, अधूनमधून उभे राहा. सांध्यात टोचल्यासारखी कळ येत असेल तर मात्र रेटू नका, स्वीपला सांगा.

शेवटचे १५-२० किमी आणि मुक्काम

मुक्काम जवळ आला की लोक खाणं बंद करतात आणि लक्ष उडतं, म्हणून त्याच्या आधी एक छोटा थांबा घेऊन काहीतरी खा आणि अंधार पडायच्या आधीच लाइट लावा. शेवटच्या टप्प्यात कोणालाही "मी पुढे होतो" म्हणून जाऊ देऊ नका, पोचल्यावर परत मोजणी.

पोचल्यावर आधी खा-प्या, मग आंघोळ, शॉर्ट्स लगेच धुवून टाका आणि लगेच सैल कपडे घाला. कातडी कुठे सोलली असेल तर रात्रीच बघा. नंतर सायकलला पंधरा मिनिटं द्या. टायरमध्ये रुतलेल्या काचा, ब्रेक पॅडमधली माती, चेन पुसणं, कॅरिअरचे स्क्रू. लाइट आणि मोबाइल चार्जिंगला.

जेवताना दहा मिनिटं उद्याबद्दल बोला. आज दिवसभर सगळ्यात मागे कोण होतं त्याला आधी बोलू द्या, कारण स्पीड कसा होता हे त्यालाच खरं माहीत असतं. फरक फार पडत असेल तर उद्या हळू जाणाऱ्यांनी अर्धा तास आधी निघायचं असं करून बघा, पण मग दोन्ही गटात लीड आणि स्वीप कोण, टूल कोणाकडे आणि पहिल्यांदा कुठे भेटायचं, हे झोपायच्या आधी ठरवून टाका.